त्रयस्थ व्यक्तीचा बाप

शामराव कांबळे या माणसाला हळू बोलता यायचं नाही. उभं आयुष्य स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे असेल, घरात मीठ हवं असलं तरी ते आधी घसा खाकरायचे, मान जराशी वर करायचे आणि मग मागायचे. तेही दोनदा. "मीठ द्या. मीठ द्या." आतून त्यांची बायको, म्हणजे मामी, म्हणायच्या, "आलं ऐकू. आख्ख्या बावड्याला आलं."

मी त्यांची भाडेकरू, पण गल्लीसारखी मामा-मामीच म्हणायची. मूळची कोडोलीची, शेतकऱ्याच्या घरातली. बँकेत नोकरी लागली आणि कोल्हापूरच्या कसबा बावड्यात खोली शोधायला लागले. मामांच्या घराची वरची खोली घेतली हे कळल्यावर माझी मावशी मुद्दाम भेटायला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "आख्ख्या बावड्यात दुसरं घर गावलं न्हाई व्हय तुला?" तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. मी म्हटलं, "गावलं की. पण तिथल्या मालकानं आधी माझ्या लग्नाचं विचारलं." मामांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला होता, मामा तालुक्याला शिकले, खाकी कपड्यात निवृत्त झाले, पण मावशीच्या लेखी ते अजून गावाबाहेरच राहत होते.

मामांनी पहिल्या दिवशी मला एकच अट घातली. "उशीर झाला तर सांगायचं. उशीर हुईल, त्येचं काय न्हाई. गाडी हाय, माणूस हाय, हुतोय उशीर. पर सांगशीला न्हवं? फोन करायचा आनि सांगून टाकायचं."

हे 'सांगून टाका की' त्यांच्या तोंडात कायम असायचं. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, शेजारच्या लग्नाळू पोराच्या बापाला, सगळ्यांना तेच. न्हाई म्हणायचं असलं तर न्हाई म्हणा, पर सांगून टाका की. 'लवकरच' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. एकदा विहारात कार्यक्रम होता आणि पाहुणे येईनात. आयोजक दर थोड्या वेळानं माइकवरून सांगत होता, पाहुणे लवकरच आपल्यात येत आहेत. मामा उठले, त्याच्या हातातला माइक घेतला, कुणाच्या तरी मोबाइलवरून पाहुण्यांच्या घरी फोन लावला आणि जाहीर केलं, "पाहुणे अजून आंघोळ करत आहेत. ज्यांना घरी जाऊन यायचंय त्यांनी जाऊन यावे. जाऊन यावे." पाहुणे पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

स्टँडवरचा त्यांचा एक किस्सा तर मी त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलाय की चुकलं तर मी दुरुस्त करायची. नव्वदनंतरची गोष्ट. आषाढातला पाऊस, चंदगडची शेवटची गाडी लागलेली आणि फलाटावर ही गर्दी. वाटेतल्या ओढ्यावर पाणी आलेलं. गाडी जाणार नाही हे सगळ्या खाकीवाल्यांना ठाऊक होतं. पण ड्यूटीवरचे एक साहेब म्हणाले, 'थोड्या विलंबाने सुटेल' असं सांगत राहा, नाहीतर लोक दंगा करतील. मामांनी आधी पुढच्या स्टँडला फोन लावला. उतार पडायची आशा आहे का, विचारलं. नाही म्हटल्यावर पुन्हा दुसऱ्या स्टँडला विचारलं. हा त्यांचा नियमच होता. खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि खात्री झाली की कुणाच्या बापाला भ्यायचं नाही. मग ते माइकवर आले. "चंदगडला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. गाडी आज जाणार नाही. ओढ्यावर पाणी आहे. वाट बघू नये. वाट बघू नये. ज्यांचे कोल्हापुरात पावणे आहेत त्यांनी पावण्यांकडं जावे." लोक हसले, शिव्या देत उठले आणि खरंच पावण्यांकडं गेले. साहेब भडकले. मामा त्यांना म्हणाले, "साहेब, लोकं दंगा करत्यात ते गाडी न्हाई म्हणून न्हवं. फशिवलं म्हणून."

तर असा माणूस. फार थोर वगैरे नव्हता. पत्त्यात सरळ लबाडी करायचा, मामींचं वाक्य कधी पुरं होऊ द्यायचा नाही, आणि चुकला तर चुकलो म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. एकुलत्या एक पोरीवर जीव टाकायचा, पण तोही ओरडूनच.

सुजाता त्यांच्या अगदी उलट. बी.कॉम. झालेली, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंग पास, आणि आवाज असा की समोरच्यानं कान पुढे करावा. ती संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि दिवसभर परीक्षांचा अभ्यास करायची. एका सरकारी कार्यालयात लिपिकाची राखीव जागा निघाली. कित्येक वर्षं न भरलेली. सुजाता लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीला जाऊन आली. थोड्याच दिवसांत त्या कार्यालयाच्या फलकावर एक ओळ लागली : पात्र उमेदवार उपलब्ध न झाल्याने सदर पद रिक्त ठेवण्यात येत आहे.

त्या संध्याकाळी मी खालीच जेवायला होते. मामा फलक वाचून आले होते. ताटावर बसता बसता म्हणाले, "तूच कुठं तरी कमी पडली असणार. घाबरली असशील. तुजा आवाजच फुटत न्हाई, तिथं काय बोलली असशील तू." सुजातानं हातातली भाकरी खाली ठेवली, हात धुतला आणि माझ्या खोलीत येऊन खिडकीशी बसली. तिथूनच म्हणाली, "ताई, त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. वडील काय करतात, आणि बावड्यात नेमकं कुठं राहता. मी सांगितलं. मग म्हणाले, या आता."

हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. आजही होते. सकाळी उठल्या उठल्या मी खाली जाऊन मामांना ते शब्दाला शब्द सांगितलं. मामा दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच राहिला. मी म्हटलं, "आता तरी तिला सांगा, तुझं काही चुकलं नव्हतं म्हणून." मामा आरशातच बघत म्हणाले, "सांगनार. पर आदी त्येंच्याकडनं कागद येऊ दे. मार्क किती, का न्हाई घेतलं, सगळं येऊ दे. ह्यो तिचा शब्द झाला. खात्री झाली की सांगतो. आख्ख्या गल्लीला वरडून सांगतो."

मी वैतागून वर निघून गेले. पण त्यांचं ते तसंच होतं. पुढच्या स्टँडवरून पक्कं कळल्याशिवाय पुकारायचं नाही. पोरगी आणि चंदगडची गाडी यांत त्यांनी फरक केला नाही.

माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा नवा आला होता. पेपरात वाचून मामा हरखून गेले. "आयला, सरकारनं माजाच कायदा केला की मॅडम! सांगून टाका म्हणत्यात न्हवं ह्यात?" त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला आणि त्या कार्यालयात दिला. आपल्या मुलीला मुलाखतीत किती गुण दिले आणि अपात्र का ठरवलं, एवढंच विचारलं होतं. कायद्याप्रमाणं उत्तर आलं. मामा ते घेऊन दोन दोन पायऱ्या चढत वर आले.

"मॅडम, त्रयस्थ म्हंजे काय वो?"

"म्हणजे तिसरंच कुणीतरी. ज्याचा संबंध नाही असं."

"आनि हितं त्रयस्थ कोन?"

मी वाचलं. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित असल्याने देता येत नाही. म्हटलं, "सुजाता. अर्ज तुमच्या नावानं केलाय ना. तिनं करायला हवा होता."

मामांना हा घोटाळा होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोरीच्या शाळेचा दाखला बापच काढतो, पोरीची फी बापच भरतो, मग पोरीचे मार्क बापानं का नाही मागायचे? ते खालच्या मजल्याकडं तोंड करून ओरडले, "आगं ए, ऐकलं का? तुजी पोरगी तिसरीच कोन तरी हाय म्हणं! हिच्या बारशाला मी बारा गावचं पावणं जेवू घातलं, आनि ही तिसरीच कोन तरी?"

त्या दिवसापासून घरात सुजाताचं नावच ते पडलं. 'त्रयस्थ व्यक्ती जेवली का?' 'त्रयस्थ व्यक्तीची चप्पल पायरीत का पडलीया?' पहिले काही दिवस सुजाता हसली नाही. मग एकदा मामींनीच चुकून 'त्रयस्थे, चहा घे' म्हटलं आणि ती फसकन हसली. ताटावरच्या त्या बोलण्यानंतर बापलेकीत जे काही तुटलं होतं ते या शब्दानं थोडं सांधलं. पण जे सांगायचं होतं ते मामांनी सांगितलं नव्हतंच.

मग सुजातानं स्वतःच्या नावानं अर्ज केला. आता उत्तर आलं की माहिती गोपनीय आहे. तिचेच मार्क तिच्यापासून गोपनीय! त्याविरुद्ध पहिलं अपील करायचं ते त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे. त्यांनी चहा पाजला आणि खालच्या साहेबांचं बरोबर आहे म्हणून सांगितलं. त्यावर दुसरं अपील करायचं ते थेट राज्याच्या आयोगाकडे. ते करून सुजातानं पोच घेतली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. आता वरच्यांच्या हातात गेलंय, आता होईल काहीतरी, असं मीच म्हटलं होतं.

आणि मग काहीच झालं नाही. खालच्या कारकुनानं किती दिवसांत उत्तर द्यायचं ते कायद्यानं ठरवून दिलं, उशीर केला तर दंड ठेवला. पण त्या कारकुनाचे कान धरायला जो आयोग बसवला, त्याला मुदतच नाही. तो उठेल तेव्हा उठेल. पावसाळा गेला, साखर कारखान्याचा हंगाम सुरू होऊन मळीचा वास घरात भरला, हंगाम संपला, पुन्हा पावसाळा आला. पोस्टमन दिसला की मामा फाटकापर्यंत जायचे आणि हात हलवत परत यायचे. मधल्या काळात त्यांनी आयोगाला विचारणा पाठवल्या, फोन केले. फोन नुसता वाजायचा.

"निकाल नगं," ते म्हणायचे. "माझा नंबर कितवा एवढं तरी सांगा. मागं किती, म्होरं किती."

शेवटी ते स्वतःच निघाले. आयोगाची कचेरी दुसऱ्या शहरात. सुजाताच्या शिकवण्यांच्या परीक्षा होत्या, म्हणून मला म्हणाले, "चला मॅडम. तुमी नुसतं उभं ऱ्हावा. तुमच्या इस्त्रीच्या साडीला भ्यात्यात लोकं."

जुन्या इमारतीचा वरचा मजला. बोळात बाकांवर माणसं बसलेली, काही भिंतीला टेकून खालीच. एक म्हातारे गृहस्थ डबा उघडून जेवत होते, म्हणजे त्यांना इथला अनुभव होता. आत एक कारकून, त्याच्या चारी बाजूंनी कागदांचे गठ्ठे. मागच्या खोलीत मोठी खुर्ची, तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल आणि त्या टॉवेलवर धूळ.

"साहेब कुठं हाईत?"

"साहेब नाहीत. त्यांची मुदत संपली. नवीन नेमणूक व्हायची आहे."

"कवा?"

"लवकरच."

मी डोळे मिटून घेतले. पण मामा ओरडले नाहीत. खुर्ची ओढून त्या कारकुनासमोर बसले. "तुमी किती जन हाय हितं?"

"मंजूर पदं विचारताय की माणसं?"

"मानसं."

"मी आणि हा शिपाई. लघुलेखक होत्या, त्यांची बदली झाली. टायपिंगला कंत्राटी मुलगा होता, त्याचं कंत्राट संपलं. बाकी सगळं रिक्त."

"ही समदी अपिलं?"

"ही अलीकडची. जुनी त्या आतल्या खोलीत आहेत. पण तिचं दार आता उघडत नाही. आतून गठ्ठे आडवे पडलेत."

मामांनी त्या दाराकडं पाहिलं. आमचं अपील बहुधा त्या दाराआड होतं. मग त्यांनी बाहेरच्या माणसांकडं बोट केलं. "आनि ही मानसं? ह्येंना सांगितलंय काय, साहेब न्हाईत म्हणून?"

कारकून खाली बघत म्हणाला, "पद रिक्त आहे असं सांगायचं नाही, असं वरून आहे. आम्ही म्हणतो, निवेदन द्या, बसा."

मामा उठले. बोळात गेले. मधोमध उभं राहून घसा खाकरला, मान वर केली, आणि मला कळलं आता काय होणार ते.

"लक्ष द्या. लक्ष द्या. अपिलासाठी आलेल्या लोकांनी लक्ष द्यावे. इथं आयुक्त नाहीत. आयुक्तांचं पद रिक्त आहे. लिहून घेणारं माणूस नाही, टाइप करणारं माणूस नाही. कधी येणार हे सरकार सांगत नाही. आज सुनावणी होणार नाही. वाट बघू नये. वाट बघू नये."

बोळातल्या सगळ्या माना वळल्या. मग एका बाईनं मोठ्यानं हसायला सुरुवात केली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ती तिच्या नवऱ्याच्या पेन्शनसाठी पाचव्यांदा आली होती. डबा खाणाऱ्या गृहस्थांनी डबा बंद केला आणि सरकारला अशी एक शिवी घातली की माझ्या इस्त्रीच्या साडीसमोर त्यांना नंतर ओशाळं वाटलं. माणसं उठली. मागून तो कारकून आला, त्याच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मामांना देत हळूच म्हणाला, "काका, तुम्ही रोज येत जा."

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, तिथंबी पद रिक्त, हितंबी पद रिक्त. आनि घरात पोरगी बसून हाय, दोनी टायपिंग पास हुन. मग ह्ये भरत का न्हाईत?"

मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलले. मला माहीत होतं, त्यांनाही होतं. राखीव जागा रिकामी ठेवली की ती ज्याला मिळायला नको त्याला मिळत नाही. आयोगाची खुर्ची रिकामी ठेवली की ज्यानं विचारायला नको तो विचारून विचारून थकतो. कुणाला लाच द्यावी लागत नाही, कुणाला धमकी द्यावी लागत नाही. फक्त माणूस नेमायचा नाही. आणि त्याला नाव काय, तर प्रशासकीय विलंब! हा शब्द ज्यांनी काढला त्यांना त्या बोळात नेऊन बसवलं पाहिजे, डबा देऊन.

सरकारी नोकरीला वयाची अट असते. राखीव जागांना ती थोडी सैल असते इतकंच. सुजाताचा त्या अटीतला शेवटचा वाढदिवस आला तेव्हा मामींनी खीर केली. का केली ते त्यांनाच माहीत. चौघं जण खीर खात बसलो. कुणी कुणाकडं बघितलं नाही. आता जुन्या मुलाखतीचा निकाल बदलला तरच तिला ती जागा मिळणार होती. नव्यानं अर्ज करायची वाट बंद झाली होती. पुढच्या महिन्यात सुजातानं एका खासगी दुकानाचं हिशेबाचं काम धरलं. मामा तिला काही म्हणाले नाहीत. त्यांना वाटत होतं, कागद येऊ दे, सगळं एकदम सांगू.

सुनावणीची नोटीस आली तेव्हा मामांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. दुसऱ्याच कुठल्या तरी खंडपीठाच्या आयुक्तांना आमच्याकडचा जादा कार्यभार दिला होता आणि ते दौऱ्यावर कोल्हापुरात येणार होते. एका दिवसात इतकी अपिलं लावली होती की हॉलबाहेर नवरदेवाच्या वऱ्हाडाएवढी गर्दी. मामांनी नवा शर्ट घातला होता. मला म्हणाले, "आज कळतंय बगा."

सुजाता पुढच्या खुर्चीत, मामा आणि मी मागं. ज्यांनी माहिती नाकारली ते अधिकारी निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक नवेच गृहस्थ उभे राहिले. आवाज नम्र.

"साहेब, सदर मुलाखतीचा अभिलेख विहित मुदत संपल्याने नष्ट करण्यात आला आहे."

आयुक्तांनी मान वर केली. "अपील प्रलंबित असताना?"

"व्हय, म्हणजे, होय साहेब. आमच्याकडे अभिलेख सांभाळणाऱ्याचं पद रिक्त आहे. अपील चालू आहे हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही."

आयुक्त वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. त्यांनी कपाळ चोळलं आणि शेजारच्या लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. "माहिती उपलब्ध नसल्याने देता येत नाही. कार्यालयास समज देण्यात येते. अपिलार्थी यांचे समाधान झाले. अपील निकाली काढण्यात येते. पुढचं."

"थांबा!" मामा उठले. हॉलमधल्या सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. "कुनाचं समाधान झालं? कागद जाळला तुमी, आनि समाधान आमचं झालं?"

"तुम्ही कोण?"

"मी बाप हाय हिचा."

"अपिलार्थी या आहेत. तुम्ही बसा. नाहीतर बाहेर पाठवावं लागेल." शिपाई पुढं सरकलाही.

तेव्हा सुजाता बोलली. नेहमीच्याच आवाजात, आयुक्तांना पुढं वाकावं लागलं. "माझं समाधान झालेलं नाही. तसं लिहा."

"बाई, तो मजकूर ठरलेला असतो. त्यानं काही फरक पडत नाही."

"फरक पडत नसेल तर बदला."

"पुढची अपिलं आहेत, बघताय ना?"

"मी बसून राहते."

आणि ती खरंच हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ओरडली नाही, रडली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, लिवा की वो साहेब, खरं हाय ते. आणखी कुणी म्हणालं, माझ्याबी अपिलात तसंच लिवा. आयुक्तांनी लघुलेखकाकडं बघून मान हलवली. झालेले नाही, असं टाइप झालं. सुजातानं ते वाचलं, सही केली आणि उठली.

जिना मामा एकेक पायरी करत उतरले. मी हात धरला, त्यांनी तो झटकला. खाली गेटापाशी आल्यावर त्यांनी सुजाताला थांबवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"सुजाता. तू कमी पडली न्हवतीस."

सुजातानं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

"कशावरनं म्हणता, बाबा?"

मामांनी वरच्या हॉलकडं बोट केलं.

"कागद जळाला न्हवं? मग तुमची खात्री कशी झाली?" ती थांबली. "तुम्ही मला त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. तेव्हा मी विचारलं नसतं, कशावरनं म्हणून."

बावड्याची बस आली. ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. मी मामांना म्हटलं, चला. ते जागचे हलले नाहीत.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मला तिला काय सांगायचं ते सुचू दे."

मी चढले. मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण मला ते आठवतात ते तसेच. बस वळेपर्यंत दिसत होते, गेटाच्या कडेला, नव्या शर्टात, एकटेच ओठ हलवत.